दिवा आधी सोडायचा

हरिपुरात हळदीची पेवं होती तेव्हा
माणूस आत उतरायच्या आधी
दोरीला बांधून दिवा सोडायचे खाली.
विझला तर थांबायचं. हवा नाही.
हे चुलत्यानं मला सांगितलं, मी सन्मतीला,
आणि सन्मती ड्रमवरची धूळ पुसत म्हणाला,
ठरलं. बँडचं नाव पेव.

पहिला कार्यक्रम विश्रामबागेत, हॉटेलच्या गच्चीवर.
माणसं अकरा.
त्यातली सात पार्सलची वाट बघत होती.
तिसऱ्या गाण्याला मालक वर आला,
ताटं लावालोय, जरा बारीक करा की.
बारीक कसं करायचं असतं
हे आम्हाला अजून नीट येत नाही.

मी मार्केट यार्डात काट्यावर वजनं लिहितो.
दिवसभर पोती, कडता, तूट.
पेरांतली पिवळी धुऊन जात नाही,
रात्री बेसच्या जाड तारेवर उतरते.
जुनेद मिरजेचा, सतारमेकरांच्यातला.
आढ्याला वाळत टांगलेल्या भोपळ्यांखाली बसून
त्यानं तुणीच्या लाकडाची गिटार घडवली.
आजोबांनी एकदाच तार छेडली:
जवारी बरी निघालीय.
पण एवढी ओरडती कुणावर?

ग्रेस भोरे गाते. दवाखान्यात नर्स.
नाइट असली की कार्यक्रम नाही,
नाइट संपली की आवाज बसलेला.
लोक त्या बसलेल्या आवाजासाठी थांबायचे
हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मग बुधगाव, आष्टा, पलूस.
डिझेल आमचं, जेवणाचं बघू म्हणायचे ते.
आष्ट्यात कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फलकामागं
आम्ही अर्धे झाकलेले वाजवलो.
पलूसला वीज गेली.
सन्मती एकटाच अंधारात वाजवत राहिला,
आणि मागं कुणीतरी पत्र्याच्या शेडवर
काठीनं त्याला धरून ठेवलं, वीज येईपर्यंत.
कोण होतं, दिसलं नाही.

सगळीकडं पहिलं गाणं दिव्यासारखं सोडायचो.
बहुतेकदा विझायचं.
तरी उतरायचो.

तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं उद्घाटन.
मालकाला नाचाची गाणी हवी होती. वाजवली.
पाहुणे जेवायला गेल्यावर
रिकाम्या खुर्च्यांपुढं एक आमचं वाजवलं.
फोर्कलिफ्टवरच्या माणसानं मशीन बंद केलं.
बिरू एडके, जतकडचा.
टाळी नाही, काही नाही. ऐकलं आणि मशीन चालू केलं.

पुढच्या महिन्यात तो इस्लामपुरात दिसला,
डावीकडच्या स्पीकरला खेटून.
मग विट्यात, दोघांना घेऊन.
मग कवठेमहांकाळला अख्खी जीप,
आणि जीपमधल्यांना आमचे शब्द पाठ.
यार्डाच्या वहीत मागच्या पानावर
मी माणसं मांडायचो, पोत्यांसारखी.
त्या पानावर तूट नावाचा रकाना
हळूहळू रिकामा राहायला लागला.

गेल्या शनिवारी हरिपूर,
पुरानंतर बुजलेल्या पेवांच्या वर.
चारशे तरी असतील. नजरेनं वजन करायची सवय आहे मला.
पायाखाली जमीन पोकळ वाजत होती, की मलाच वाटलं.
दोन गाण्यांच्या मधे बिरू ओरडला,
ते तासगावचं म्हणा की!

तासगावचं कुठलं?
आम्ही ते कधीच सोडून दिलं होतं.
ग्रेसला शब्द आठवेनात,
जुनेद लागलेल्या तारा पुन्हा लावत बसला.
मग बिरूनंच धरलं, बेसूर, डोळे मिटून.
'दोरीला बांधून सोड दिवा' असं होतं ते.
त्यानं म्हटलं, सोड डबा.
जीपमधलेही म्हणाले, डबा.
त्यांच्यामागचे, ज्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं,
तेही डबा.

ग्रेसनं माइक खाली घेतला,
एक कडवं नुसतं ऐकलं,
आणि पुढच्याला त्याच्या मागोमाग आत उतरली.

आता आम्ही डबाच म्हणतो.